दीड महिन्याची लस आणि दहा प्रश्न : प्रबंधाच्या नोंदवहीतून

४ जून
विषय नक्की झाला. बाळंतपणानंतर दीड महिन्याची लस द्यायला ज्या आया आरोग्य केंद्रात येतात, त्यांच्यातल्या नैराश्याची चाचपणी. मार्गदर्शक मॅडमना विषय आवडला, पण लगेच विचारलं, "मोजणार कशानं?" मी म्हणाले, बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी एडिनबराची मोजपट्टी आहे, ईपीडीएस, दहा प्रश्नांची. "मराठीत कुठून आणणार?" मी म्हणाले, जुन्या प्रबंधांत असेलच. मॅडम एवढंच म्हणाल्या, "असेलच म्हणू नकोस, बघून ये."

६ जून
ग्रंथालयात तीन प्रबंध सापडले. तिन्हींच्या परिशिष्टात मराठी ईपीडीएस आहे आणि तिन्ही वेगवेगळ्या. भाषांतर कोणी केलं, कधी केलं, कोणावर तपासलं, याचा उल्लेख एकातही नाही. पहिल्या प्रबंधातला झोपेचा प्रश्न नुसता "मला झोप लागत नाही" असा आहे. मूळ प्रश्न तसा नाही. मन इतकं दुःखी आहे की त्यामुळे झोपायला अवघड जातं, असं विचारलंय. "त्यामुळे" गळलं की प्रश्नच बदलतो. दीड महिन्याचं बाळ मांडीवर असलेली कुठली बाई म्हणेल की मला छान झोप लागते? जिला बाळ जागवतंय आणि जिचं बाळ शांत झोपलेलं असूनही जी आढ्याकडे बघत पडून आहे, त्या दोघींना इथे सारखेच गुण पडणार.

दुसऱ्या प्रबंधात दहाऐवजी नऊच प्रश्न आहेत. दहावा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, गाळलाय. का गाळला ते लिहिलेलं नाही. मला अंदाज येतो. विचारायला भीती वाटली असणार.

९ जून
दोन दिवस शोधण्यातच गेले, पण वाया गेले नाहीत. पहिला धडा असा की साधनाचं नाव गूगलवर टाकून जी पहिली पीडीएफ मिळते, ती साधन नव्हे, कुणीतरी कुठल्या तरी कामासाठी टाईप केलेली ती प्रत असते. आधी मूळ लेख गाठायचा. ईपीडीएसचा मूळ लेख कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांचा, १९८७चा, ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीमधला. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, नाव सापडलं, पूर्ण लेख ग्रंथपाल सरांनी मिळवून दिला.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हेल्थ अँड सायकोसोशल इन्स्ट्रुमेंट्स नावाचा एक डेटाबेस आहे, तो खास प्रश्नावल्या, चाचण्या, मोजपट्ट्या यांचाच. आमच्याकडे त्याची वर्गणी नाही. पण सरांनी समजावलं की वर्गणी असती तरी तिथे प्रश्नावली बहुधा हातात पडत नाही. ती पहिल्यांदा कुठे छापली गेली, कोणी कोणावर वापरली, याचा माग मिळतो. साधन मिळवायचं ते लेखकाकडून किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून. मी इतके दिवस शोधणं आणि मिळवणं एकच धरून चालले होते.

विभागातल्या एका सरांनी सुचवलं, पीएचक्यू-९ घे, तीही नैराश्याचीच प्रश्नावली. फुकट आहे, परवानगी लागत नाही, नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. साधन चांगलंच आहे. पण त्यात झोप, थकवा, भूक यांवर थेट प्रश्न आहेत. बाळंतिणीला थकवा असणारच. ईपीडीएस नेमकी याच कारणासाठी तयार झाली. बाळंतपणात शरीराच्या ज्या तक्रारी तशाही असतात, त्या बाजूला ठेवून मनाचं काय चाललंय ते विचारायचं. साधन निवडताना सोपं काय मिळतं हे शेवटी बघायचं. आधी बघायचं की ते कोणासाठी बनलंय.

११ जून
हक्कांचं वाचलं. ईपीडीएसवर रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सचे हक्क आहेत. संशोधकाला स्वतःच्या कामापुरत्या प्रती काढता येतात, पण मोजपट्टी पूर्णच वापरायची आणि प्रत्येक प्रतीवर मूळ लेखाचा उल्लेख छापायचा. पुन्हा प्रसिद्ध करायची, ऑनलाइन टाकायची, तर लेखी परवानगी. म्हणजे गूगल फॉर्म करायचा माझा बेत रद्द. कागदावरच घ्यायचं. नऊ प्रश्नांचा तो प्रबंध या एका अटीवरच बाद होतो.

मराठी आवृत्तीबद्दल विचारायला पत्र लिहिलं. काय करणार, कुठे करणार, किती जणींवर, सगळं. उत्तर येईपर्यंत फील्डवर एकही प्रत न्यायची नाही, असं स्वतःपुरतं ठरवलं.

१२ जून
रात्री मेसवर याच विषयावर वाद. मैत्रीण मधुमेहाच्या रुग्णांवर काम करतेय, औषधं नियमित घेतात का ते मोजणार. त्यासाठी आठ प्रश्नांची मोरिस्की स्केल तिनं कुणाच्या तरी लेखातून उतरवून घेतलीय. म्हणाली, "सगळेच वापरतात, कोण विचारतंय?" मी तिला २०१७ मधली 'सायन्स' साप्ताहिकातली बातमी दाखवली. याच मोजपट्टीचा परवाना न घेता लेख छापणाऱ्या संशोधकांकडे मागाहून पैसे मागितले गेले, नाहीतर लेख मागे घ्या असं सांगितलं गेलं. काहींनी लेख मागे घेतलेही. ते शुल्क योग्य होतं का, यावर बरीच टीका झाली आणि ती मला पटते. आठ प्रश्नांसाठी गरीब देशातल्या विद्यार्थ्यानं इतके पैसे का मोजावेत? पण न पटणाऱ्या अटी मोडणं हा उपाय नाही. अटी न पटल्या तर दुसरं साधन शोधायचं. तिच्या कामासाठी मोफत पर्याय आहेत, उद्या दोघी मिळून बघणार आहोत.

१८ जून
आज एक्सेलची पाटी तयार केली आणि तपासायला स्वतःच एक फॉर्म भरला, अगदी आनंदी आई समजून. बेरीज २१ आली. ३० पैकी २१! म्हणजे ही बाई गंभीर नैराश्यात.

कारण सापडायला अर्धा तास लागला. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न असे आहेत की त्यांचा पहिला पर्याय चांगल्या स्थितीचा, त्याला ० गुण. उरलेल्या सात प्रश्नांत पहिला पर्याय सगळ्यात वाईट स्थितीचा, त्याला ३. मी सगळीकडे वरून खाली ०, १, २, ३ असे गुण टाकले होते. मग उलट बाजूनं, सर्वांत आजारी बाई समजून भरून पाहिलं. ९ आले. धडधाकट बाईला २१ आणि जिला आज मदत हवीय तिला ९, आणि एक्सेल कुठेही लाल होत नाही.

परवाचे तीन प्रबंध पुन्हा काढले. गुण कसे द्यायचे, ते एकाही परिशिष्टात नाही. त्यांनी बरोबर दिलेही असतील. पण वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. माझ्या परिशिष्टात गुणांची किल्ली प्रश्नाशेजारीच छापणार.

२३ जून
कट-ऑफ. यावर मॅडमसोबत दोन तास.

मूळ अभ्यासात ८४ माता होत्या. तिथे सीमा १२/१३ धरलीय, म्हणजे १३ किंवा जास्त गुण असतील तर पुढे तपासणी. '१२/१३' वाचून पुष्कळ जण १२ पासून धरतात, ती चूक. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. तिथे कोंकणीत ही मोजपट्टी वापरली आणि सीमा ११/१२ धरली. २०२०च्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकामध्ये बऱ्याच देशांची माहिती एकत्र करून ११ आणि त्यापुढे हा आकडा पुढे आलाय. मग आमच्या सोलापूरकडच्या आयांना कुठला लावायचा?

मॅडमनी गणित मांडायला लावलं. गोव्याच्या त्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळलं होतं. तेवढंच प्रमाण आमच्याकडे आहे असं धरू. मूळ अभ्यासातली मोजपट्टीची संवेदनक्षमता, म्हणजे आजारी मातांना पकडण्याचं प्रमाण, ८६ टक्के; विशिष्टता, म्हणजे निरोगी मातांना सोडून देण्याचं प्रमाण, ७८ टक्के. शंभर माता घेतल्या तर २३ आजारी, त्यातल्या साधारण २० पकडल्या जातील. उरलेल्या ७७ पैकी सुमारे १७ जणी आजारी नसूनही सीमेपलीकडे जातील. म्हणजे एकूण ३७ जणींवर शिक्का बसला, तर त्यातल्या १७ निरोगी. मूळ अभ्यासात शिक्का खरा ठरण्याचं प्रमाण ७३ टक्के होतं, इथे ते ५४ वर येतं. साधन तेच आहे. तिथल्या ८४ जणींत आजारी मातांचं प्रमाणच जास्त होतं, म्हणून तिथे ते तितकं आलं.

हे मांडल्यावर मीच माझ्या प्रबंधाच्या नावातलं 'नैराश्याचे प्रमाण' खोडलं. ही चाळणी आहे, निदान नाही. सीमेपलीकडच्या प्रत्येक आईला मानसोपचारतज्ज्ञांनी भेटल्याशिवाय मी 'नैराश्य' हा शब्द लिहिणार नाही. १२ पासून पुढे पाठवायचं ठरवलं, आणि ११ व १३ धरले तर काय दिसतं तेही निष्कर्षात द्यायचं.

१५ जुलै
एथिक्स कमिटीसमोर गेले. पहिलाच प्रश्न : "दहाव्या प्रश्नाला कोणी हो म्हणालं, तर त्या क्षणी तुम्ही काय करणार?" माझ्या प्रस्तावात 'योग्य तो संदर्भ दिला जाईल' असं एक वाक्य होतं. कमिटीतल्या वकील बाई म्हणाल्या, "योग्य म्हणजे कोणता? कोणाकडे? किती वाजता? वाहन कोणाचं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. प्रस्ताव परत.

२२ जुलै
आठवडाभर फक्त त्याच वाक्यावर काम केलं. आता ते दीड पान झालंय. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलणं झालं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागानं ओपीडीचे वार आणि फोन दिला. लसीकरणाच्या दिवशी केंद्राची गाडी दुपारी दोनपर्यंत थांबेल. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो छापलेलं छोटं कार्ड प्रत्येक आईला द्यायचं, गुण कितीही येवोत. निवडक बायकांनाच दिलं तर घरी विचारणा होते, "तुलाच का दिलं?"

आज मंजुरी मिळाली. मोजपट्टीच्या परवानगीची ई-मेलही आली, प्रिंट फाइलला लावली.

२ ऑगस्ट
भाषांतर पुरं झालं. दोघांनी वेगवेगळं केलं, एक मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, एक मी. मग दोन्ही समोर ठेवून एक केलं. तिसऱ्यांनी मूळ इंग्रजी न बघता मराठीवरून परत इंग्रजी करायचं होतं. ते सर मानसोपचारातलेच, मोजपट्टी त्यांना पाठ. त्यामुळे त्यांचं परत भाषांतर मूळ मजकुराशी शब्दाला शब्द जुळलं. मी खूष झाले. मॅडम झाल्या नाहीत. "त्यांनी मराठी वाचलं की आठवणीतलं लिहिलं?" म्हणून इंग्रजीच्या एका शिक्षिकेला दिलं, ज्यांनी ही मोजपट्टी कधी पाहिली नव्हती. तिथे दोन प्रश्न हलले.

७ ऑगस्ट
पूर्वचाचणी, पहिला दिवस. सहा जणी.

सहावा प्रश्न आम्ही असा केला होता : "सगळं अंगावर येतंय असं वाटलं." मूळ वाक्याला इतका चपखल मराठी शब्दप्रयोग सापडल्याचा मला अभिमान होता. कुणाला विचारा, 'अंगावर येणं' म्हणजे काय ते कळतं. पहिली आई म्हणाली, "हो, येतंय." किती दिवस? "आता कमी झालंय मॅडम, आधी लई होतं. सिस्टर म्हणल्या सव्वा महिना राहतं." मी टिक करणार तेवढ्यात सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवला. "मॅडम, ती अंगावरून जातंय ते सांगतीय."

रक्तस्राव! बाळंतिणीच्या कानाला 'अंगावर' म्हटलं की आधी तेच येतं, आणि दुसरं येतं ते पाजणं. मग मी प्रत्येकीला विचारायला लागले, "हा प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आलं, तुमच्या शब्दांत सांगा." सहापैकी तिघींनी अंगावरून जाण्याचं सांगितलं. चौथी म्हणाली, बाळ अंगावर पितं, वरचं दूध नाही. दोघींनाच प्रश्न कळला होता.

भाषांतर, परत भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, सगळ्यातून हे वाक्य पार झालं होतं. आम्हा सगळ्यांना मराठी येत होतं, पण नुकतं बाळंतपण झालेलं आमच्यात कोणी नव्हतं.

१४ ऑगस्ट
"झेपेनासं झालं" करून पाहिलं. एक जण म्हणाली, "टाके हायेत ना अजून, कसं झेपंल?" पुन्हा शरीर आलं. म्हणजे जे टाळायला ही मोजपट्टी घेतली, तेच मागच्या दारानं आत. शेवटी सिस्टरनीच विचारलं, "मॅडम, 'काय सुधरंना' म्हणलं तर?" सुधरंना. आमच्याकडे रोज बोलतात. डोक्यावर इतकं येऊन पडलंय की काय करावं कळत नाही. लेखी "काही सुधरेनासं झालं" असं केलं. आज आठ जणींना विचारलं, आठही जणींनी मनातलंच सांगितलं. तज्ज्ञांच्या गटाकडे पुन्हा पाठवलंय, आणि हा बदल का केला ते परिशिष्टात या सगळ्या हकिकतीसह लिहिणार.

आणखी एक. आईबरोबर कोणी ना कोणी येतंच. माहेरी असेल तर तिची आई, सासरी परतली असेल तर सासूबाई. आज एका सासूबाईंनी पाच प्रश्नांची उत्तरं स्वतःच दिली. "तिला काय कमी हाय? रडतीय कशाला?" सून खाली बघत बसली होती. मी "काकू, बाळाचं वजन करून घ्या ना तेवढं" म्हणून त्यांना पलीकडच्या खोलीत पाठवलं. परत पहिल्यापासून विचारलं. बेरीज ५ ची १४ झाली. आता हे ठरूनच गेलंय : आधी वजन, ते सोबत आलेल्यांनी करायचं, आणि मधलं दार लोटलेलं.

आशाताईंनी मदत करू का म्हणून विचारलं. त्यांना नको म्हणणं जड गेलं, पण त्या त्याच गावातल्या, त्याच आळीतल्या. ज्या बाईला उद्या त्यांच्याच दारावरून पाण्याला जायचंय, ती त्यांना मनातलं काय सांगणार? त्यांनी बोलावून आणण्याचं काम घेतलं. ज्यांना वाचता येतं त्या फॉर्म स्वतः भरतात, बाकीच्यांना मी वाचून दाखवते. कोणाचा कसा भरला, त्याचा वेगळा रकाना केलाय, कारण वाचून दाखवलं की उत्तरं बदलू शकतात.

२१ ऑगस्ट
पूर्वचाचणीचा शेवटचा दिवस. एका आईनं स्वतः फॉर्म भरून दिला. बेरीज ८. सीमेच्या बरीच खाली. फॉर्म गठ्ठ्यात ठेवताना दहाव्या प्रश्नावर नजर गेली. "कधीच नाही"वर खूण नव्हती, त्याच्या वरच्या पर्यायावर होती.

फाइल मिटली. तिच्याशेजारी बसले. सरळ विचारलं, कारण गोलगोल विचारल्यानं कोणाचं भलं होत नाही, हे आम्हाला मानसोपचार विभागात शिकवलंय. तिनं जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. वैद्यकीय अधिकारी आत आले, तिला विचारूनच तिच्या आईला बोलावलं, दीड वाजता गाडी निघाली, सिस्टर सोबत गेल्या. ते दीड पान आज ओळीनं वापरलं. वाहनाचा प्रश्न विचारणाऱ्या वकील बाईंची आठवण आली.

संध्याकाळी एक्सेलमध्ये बदल केला. दहाव्या प्रश्नाचा रकाना बेरजेतून वेगळाही ठेवला. तिथे शून्य सोडून काहीही आलं की ओळ लाल होते, बेरीज कितीही असो. आणि फॉर्म आई समोर असतानाच तपासायचा, घरी नेऊन नाही.

२६ ऑगस्ट
पूर्वचाचणीतल्या माता मुख्य नमुन्यात धरायच्या नाहीत. अंतिम मराठी मजकूर नक्की. खाली मूळ लेखाचा उल्लेख, वर आवृत्तीची तारीख.

३ सप्टेंबर
मुख्य काम सुरू. पहिल्या दिवशी ११ जणी.

९ सप्टेंबर
मैत्रिणीनं मोरिस्की सोडली. परवानगीसह दुसरी मोजपट्टी मिळवली, आता तिचं भाषांतर सुरू आहे. 'गोळी चुकणं' या शब्दांवर अडलीय, कारण आमच्याकडे पाळणा थांबवायच्या गोळ्यांबद्दलही तेच म्हणतात.

१८ सप्टेंबर
दुसऱ्या डोसचा वार. गर्दीत मला ती आधी दिसली नाही. रांगेतून स्वतःच पुढे आली. बाळ तिच्या आईच्या कडेवर होतं. लसीकरणाचं कार्ड ठेवतात त्याच प्लास्टिकच्या पिशवीत जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर घडी घालून ठेवला होता. तो काढून माझ्यापुढे धरला. "मॅडम, पुढची तारीख नीट वाचता येईना. चोवीस हाय का सत्तावीस?"

सत्तावीस होती. मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून दिली.